बांधापलीकडचं बकरं

परधर्मसहिष्णुतेवर बोलून मी एकदा करंडक मिळवला होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं वाचून कोणाला वाटेल की हा माणूस जन्मतःच मूर्ख होता. तसं नव्हतं. माझा मूर्खपणा शिकून मिळवलेला होता, आणि तो मिळावा म्हणून घरच्यांनी मला अमरावतीला कॉलेजात ठेवलं होतं.

वक्तृत्वस्पर्धेत माझा दुसरा नंबर आला. पहिला ज्याचा आला तो परधर्मसहिष्णुतेच्या विरुद्ध बोलला होता. परीक्षक मोठ्या मनाचे होते. माझा करंडक लहान होता, त्यात चहा ओतला तर दोन घोटांत संपावा एवढा. पण तो धोतरात गुंडाळून, ट्रंकेत तळाशी ठेवून, उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी आणला आणि दिवाणखान्यातल्या कोनाड्यात मांडला. मोठ्या आईनं दुसऱ्याच दिवशी त्यात हिंग ठेवला.

भाषणात मी नद्या आणल्या होत्या, सागर आणला होता, एकाच बागेतली नाना रंगांची फुलं आणली होती. माणूस मात्र एकही आणला नव्हता. हे त्या वेळी परीक्षकांच्या लक्षात आलं नाही, माझ्या कुठून येणार?

आमचं गाव जानेफळच्या बाजूचं. घर शेतकऱ्याचं, जमीन बऱ्यापैकी, पाटीलकी मोठे बाबांकडे. मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, आणि मोठी आई त्यांची बायको. त्यांचा शब्द घरात चालायचा, आणि घरात चालला की तो आपोआप गावात जायचा. त्या वर्षी त्यांनी खालच्या वावरात नवी विहीर खणायला घेतली होती. काळा पाषाण लागला. वडारांनी सुरुंग लावून लावून तो फोडला, आणि शेवटी वैशाखात, कोणाला आशा उरली नव्हती तेव्हा, खालून झरा फुटला. मोठे बाबा काठावर उभे राहून बराच वेळ त्या पाण्याकडे पाहत होते. मग म्हणाले, "मंगळवारी बकरं."

विहीर म्हटली की आसरा आल्या. पाण्यात राहणाऱ्या त्या सात बहिणी. काठावर सात दगड मांडायचे, त्यांना शेंदूर लावायचा, हिरव्या बांगड्या, दहीभात ठेवायचा आणि बकरं द्यायचं. ते दिल्याशिवाय नव्या विहिरीचं पाणी कोणी पीत नसे आणि मोटही चालत नसे. मग त्याच बकऱ्याचं जेवण भावकीला, जावयांना आणि झाडून सगळ्या गावाला.

आता हे बकरं कापायचं कोणी, हा प्रश्न आमच्याकडे कधी पडायचाच नाही. ते मुल्लाजीनंच कापायचं. वऱ्हाडात त्या काळी कुणब्याच्या घरचं बकरं मुल्लानं हलाल केल्याशिवाय कुणबी त्याला तोंड लावत नसे. मुल्लाची सुरी फिरली तर ते मटण, नाहीतर ते मेलेलं जनावर. असं का, ते कोणी सांगू शकत नव्हतं आणि कोणी विचारतही नव्हतं. जसा सुताराचा, कुंभाराचा गावावर हक्क, तसा मुल्लाचा: खळ्यावर धान्याचा वाटा, आणि बकरं कापलं की काळीज आणि मानेचा तुकडा.

त्याच मुल्लाजीच्या घरचं पाणी मात्र आम्हाला चालत नसे. ज्याच्या हाताशिवाय मटण चालत नाही, त्याच्याच हातचं पाणी चालत नाही, ही विसंगती मला कॉलेजच्या पहिल्या वर्षी दिसली आणि ती दिसल्याचा मला फार अभिमान वाटला. गावालाही ती दिसत असणारच. पण गाव तिच्यात राहत होतं, आणि राहत्या घराच्या भिंतीकडे माणूस रोज कुठे पाहतो?

मुल्लाजी म्हणजे कोणी साधुपुरुष नव्हते, हेही सांगतो. मेंदीनं लाल केलेली दाढी, तोंडात सदा पान, आणि जीभ अशी की सुरी बरी. गावच्या लहानशा मातीच्या मशिदीत बांग देत, भ्यालेल्या पोरांच्या गळ्यात ताईत बांधत, आणि उरलेल्या वेळात आमच्या ओट्यावर बसून मोठे बाबांशी वाद घालत. दोघांचं एकमेकांच्या धर्माबद्दलचं बोलणं आजच्या एखाद्या सभ्य माणसानं ऐकलं असतं तर त्यानं मध्ये पडून दोघांना दूर केलं असतं. मोठे बाबा म्हणायचे, "मुल्लाजी, तुमचा अल्ला बहिरा हाय काय? दिवसातून पाच खेपा बोंबलता." त्यावर मुल्लाजी पान एका गालातून दुसऱ्या गालात घेऊन म्हणायचे, "अल्लाले काऊन बोंबलू? मी तर तुमच्यासारख्या झोपाळूले उठवतो. देवाले घंटा वाजवून उठवणं तुमच्यात हाय." मग दोघंही आपापल्या जागी खूश. पुढच्या आठवड्यात हाच वाद पुन्हा पहिल्यापासून.

हे ऐकताना मला फार त्रास व्हायचा. एकमेकांच्या श्रद्धेचा केवढा हा अनादर, असं वाटायचं. माझ्या बागेतली फुलं एकमेकांशी असं बोलत नसत.

सोमवारी सकाळी मोठे बाबांनी मला बोलावलं आणि मुल्लाजींना आवतन देऊन यायला सांगितलं. "नीट देजो. दारातून आरोळी मारून येऊ नको," म्हणाले. एवढंच काम होतं. गावातलं कोणतंही पोरगं ते करून आलं असतं, कारण कोणत्याही पोराला वाटेत विचार सुचले नसते. मला सुचले. मशिदीच्या बोळीपर्यंत पोचेस्तोवर माझं सगळं तत्त्वज्ञान तयार झालं होतं. ज्या माणसाच्या धर्मात मूर्तिपूजा निषिद्ध, त्याला आम्ही पिढ्यानपिढ्या आमच्या देवीपुढे उभं करून बकरं कापायला लावतो. तो बिचारा गरीब, गावाच्या आधारानं जगणारा, नाही कसा म्हणेल? ही केवढी सक्ती, आणि तिचा विचार आजवर एकाही सुशिक्षित माणसानं केला नाही. तो करणारा पहिला मीच, हे कळल्यावर चालण्यात जरा डौल आला. बोळीत गुडघाभर खड्डा होता, तो त्या डौलामुळे दिसला नाही. मुल्लाजींच्या दारात मी लंगडतच पोचलो.

त्यांनी बाज टाकली. मी बसलो आणि सुरू झालो. त्यांना म्हटलं की उद्या विहिरीवर बकरं आहे, पण तुम्ही यायची गरज नाही. आमच्या देवतेपुढे उभं राहणं तुमच्या धर्माला मान्य नाही, हे आम्ही जाणतो. यापुढे तुमच्यावर ती जबरदस्ती होणार नाही. तुमचा वाटा तुम्हाला घरपोच मिळेल, त्याची काळजी करू नका. बोलता बोलता एकदा सागरही आला असावा.

मुल्लाजी पान चघळायचे थांबले. बराच वेळ माझ्याकडे पाहून त्यांनी विचारलं, "पाटलाचं म्हणणं हाय हे?"

मी म्हटलं, "घरचंच म्हणणं आहे." हे खोटं नव्हतं, कारण मी घरातच राहत होतो.

ते फक्त "बरं" म्हणाले. ते "बरं" मला कृतज्ञतेनं भारावलेलं वाटलं. इतकं, की मला आणखी काहीतरी मोठं करावंसं वाटलं. मी पाणी मागितलं. मुल्लाजी म्हणाले, नका हो, घरी कळलं तर बोल आमच्यावर येईन. मी हट्ट धरला. आतून त्यांच्या बायकोनंही नको म्हणून पाहिलं. पण मी मानवतेसाठी तहानलेला होतो. शेवटी तिनं नाइलाजानं तांब्या दाराशी ठेवला. मी तो उचलला, गटागटा प्यालो आणि कोणी पाहिलं का म्हणून इकडे तिकडे पाहिलं. अंगणात एक कोंबडी होती. तिचं लक्ष नव्हतं.

मंगळवारी सकाळपासून विहिरीवर माणसं जमायला लागली. निंबाखाली सतरंज्या पडल्या. साखरखेर्ड्याचे आमचे जावई भल्या पहाटे बैलांच्या दमणीतून निघून आले होते आणि रस्सा किती तिखट असावा याबद्दल आताच सूचना देत होते. चुलाण्यावर पाणी उकळत होतं. मोठ्या आईनं मसाला वाटून तयार ठेवला होता. बकरं बाभळीला बांधलेलं, पाला खात. मोठे बाबा हातावर तमाखू मळत गावाच्या वाटेकडे पाहत होते. ऊन चढलं. वाटेवरून कोणी येईना.

"मुल्ला काऊन नाही आला?" त्यांनी सहज विचारलं.

मी या प्रश्नाचीच वाट पाहत होतो. पुढे झालो आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं सांगितलं की मुल्लाजी येणार नाहीत, त्यांना आपण या जाचातून मोकळं केलं आहे. मग का केलं, तेही सांगितलं. पंगतीचे लोक फार एकाग्रतेनं ऐकत होते. अमरावतीलासुद्धा मला असे श्रोते मिळाले नव्हते. माझं बोलणं संपल्याबरोबर जावयांनी विचारलं, "मंग आज जेवण नाही काय?"

मी म्हटलं, बकरं कोणीही कापू शकतो. बकऱ्याला काय कळतं, कापणारा कोण आहे ते?

मोठे बाबांनी तमाखू झटकून टाकली. "कापन कोणीबी. खाईन कोण?"

मी सगळ्यांकडे पाहिलं. ज्याच्याकडे पाहावं तो दुसरीकडे पाही. मोठी आई चुलाण्यापाशी कमरेवर हात ठेवून उभी होती. तिनं मला विचारलं, एवढा मसाला वाटला, आता त्यानं भिंत लिपू काय. कोणीतरी तोडगा सुचवला की जानेफळला मुल्ला आहे, घोडं पाठवा, दुपारपर्यंत येईल. दोघंतिघं लगेच उठलेसुद्धा. मला वाटलं, सुटलो.

मोठे बाबा म्हणाले, "बसा खाली."

मग ते माझ्याकडे वळले. आवाज चढवला नाही. घरात त्यांचा आवाज चढला की आम्हाला बरं वाटायचं, कारण मग तो उतरायचाही. या वेळी तो सपाट होता. "दुसऱ्या गावचा मुल्ला एक खेप या शिवारात आला, का आपल्या मुल्लाचा हक गेला. उद्या खळ्यावर कोणी त्याले दाणा देणार नाही. म्हणतीन, पाटलानंच काढला. त्याच्या बापाले हा हक म्या देल्ला नव्हता. तू काढणारा कोण बे?"

तोवर मला वाटत होतं की जेवणाला उशीर झाला, एवढंच काय ते बिघडलं. एका माणसाची गावातली जागा माझ्या एका भाषणानं उठली होती, आणि ती उठवताना मी त्याच्या घरचं पाणीही पिऊन आलो होतो, हे आत्ता कुठे माझ्या डोक्यात शिरत होतं.

"चाल," ते म्हणाले, आणि भर उन्हात गावाकडे निघाले. मी मागून. आदल्या दिवशी दुखावलेला पाय अजून दुखत होता, पण त्याबद्दल बोलण्याची ती वेळ नव्हती.

मुल्लाजी मशिदीच्या भिंतीच्या सावलीत नुसतेच बसले होते. अंगात धुतलेला सदरा, डोक्यावर पांढरी टोपी, दाढीला ताजी मेंदी. मोठे बाबा त्यांच्यासमोर दगडावर टेकले. मग मोठे बाबा म्हणाले, "कपडे धुतलेले दिसून राह्यले."

"जुम्मा हाय."

"आज मंगळवार हाय, मुल्लाजी."

मुल्लाजींनी टोपी नीट केली. सकाळपासून तयार होऊन ते तिथे बसले होते हे मलाही कळलं, म्हणजे ते फारच उघड असलं पाहिजे.

"काऊन नाही आले?" मोठे बाबांनी विचारलं.

"तुमचं पोट्टं आल्तं. म्हणे धर्माले तरास होते."

"कोणाच्या?"

"माझ्या."

मोठे बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. मग मुल्लाजींनी सांगायला सुरुवात केली, आणि ते बहुतेक सगळं मोठे बाबांना सांगत होते, मी तिथे नसल्यासारखं. गेल्या सालात मेहकरला एक मौलवी आले होते, कुठले तरी दूरचे. त्यांनी मुल्लाजींना बोलावून दम दिला होता की तू बुतांपुढे सुरी चालवतोस, हे बंद कर. मुल्लाजींनी त्यांना गावात आणलं, शिवारात नेलं आणि दाखवलं की देव बांधाच्या त्या अंगाला असतात, बकरं मी या अंगाला कापतो. पूजा चाललेली असते तेव्हा मी पाठ करून उभा असतो. बांधाच्या या अंगाला मी, माझी सुरी आणि अल्लाचं नाव, दुसरं कोणी नाही. मौलवींना ते पटलं नाही, तरी मुल्लाजींनी ऐकलं नाही. त्यानंतर आमच्या बाजूचे एक भाषण करणारे गृहस्थ आले होते. हिंदूंनी मुल्लाच्या हातचं बकरं खाऊ नये, असं त्यांचं म्हणणं. त्यांना मोठे बाबांनी जेवू घातलं, गाडी जुंपून दिली आणि गावाबाहेर सोडलं.

"त्या दोघाईले जे जमलं नाही," मुल्लाजी म्हणाले, "ते तुमच्या पोट्ट्यानं गोड बोलून केलं."

इथे मी एक गोष्ट सांगितली पाहिजे. लहानपणापासून मी किती बकरी बांधापलीकडे नेलेली पाहिली होती, त्याची गणती नाही. रक्तानं देवाची जागा खराब होऊ नये म्हणून नेत असतील, असं मी धरून चाललो होतो. मुल्लाजी पाठ करून उभे असत तेही पाहिलं होतं. ते वाऱ्याला तोंड करून उभे आहेत असं वाटायचं. विचारलं कधीच नाही. परधर्मसहिष्णुतेची टिपणं काढायला मी अमरावतीच्या वाचनालयात बसलो होतो.

"माझ्या धर्माचा तरास मले कळत नाही काय, पाटील?" मुल्लाजींचा आवाज पहिल्यांदा जरा हलला. "कळते. तो कसा निभवाचा, ते माझ्या बापानं अन् तुमच्या बापानं बांधावर उभं राहून ठरवलं. आता हे लेकरू म्हणते, तुमी येऊ नका, हिस्सा घरी पाठवतो. घरी खैरात येते, पाटील. हक बांधावर भेटते, चार माणसात."

मोठे बाबा खाली पाहत होते. काडीनं जमिनीवर रेघा ओढत होते.

"अन् पाणीबी पेला," मुल्लाजी म्हणाले. "मी नको म्हणलं. माझी बायको नको म्हणली. आयकलंच नाही."

मी मनातल्या मनात घरी होणारं शुद्धीकरण, मोठ्या आईचं रडणं आणि जावयांसमोरची शोभा, सगळं पाहून घेतलं. मोठे बाबांनी काडी मोडली आणि कानात करंगळी घालून हलवली. "सकायपासून कानात दडे बसले हायेत. काही आयकू येत नाही."

"मंग माझं बाकीचं कसं आयकू आलं?"

"तेवढंच आलं."

मुल्लाजींनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि पानाची पिंक टाकली. त्या दिवशीची ही पहिलीच. त्यावरून मी ताडलं की आता वाटाघाटी सुरू झाल्या.

मोठे बाबा उठा म्हणाले. मुल्लाजी म्हणाले, असा नाही येत, आवतन तुटलंय. मोठे बाबा म्हणाले, मी स्वतः आलो, अजून काय पाहिजे? मुल्लाजी म्हणाले, तुम्ही तोडलं नव्हतं, ज्यानं तोडलं त्यानं जोडावं. मग दोघंही माझ्याकडे पाहायला लागले.

मी पुढे झालो, हात जोडले आणि म्हटलं की माझ्याकडून अज्ञानानं जो प्रमाद घडला त्याबद्दल अंतःकरणपूर्वक क्षमा असावी, आणि आपल्या दोन समाजांतला हा स्नेह...

"हे नको," मुल्लाजी म्हणाले. "काल असंच बोलून गेलता. साधं बोला."

साधं बोलणं मला येईना. खरंच येईना. दोन वर्षांत ते निघून गेलं होतं. शेवटी मोठे बाबांनी पाठीत कोपर मारलं तेव्हा तोंडातून निघालं, "विहिरीले पाणी लागलं. बकरं हाय. या."

"येतो," मुल्लाजी म्हणाले आणि उठले. सुरी आणायला ते घरात जातील म्हणून मी वाट सोडली, तर ती सदऱ्याखाली कमरेलाच होती.

विहिरीवर आम्ही पोचलो तेव्हा कोणी काही विचारलं नाही. मोठ्या आईनं सात दगडांना शेंदूर लावला, बांगड्या ठेवल्या, दहीभात ठेवला. मुल्लाजी बांधापलीकडे पाठ करून उभे राहिले. मी या वेळी पाहत होतो. ते वाऱ्याकडे पाहत नव्हते. दूरच्या एका निंबाकडे पाहत होते, आणि त्यांच्या उभं राहण्यात कसलाही जाच नव्हता. आपली पाळी येईपर्यंत थांबलेल्या माणसासारखे ते उभे होते. इकडचं आटोपल्यावर मोठे बाबा बांधाशी गेले आणि हळूच "झालं" म्हणाले. मगच ते वळले.

बकऱ्याचे पाय धरायला मला लावलं. ही शिक्षा होती की मान, ते मी विचारलं नाही. बांध ओलांडताना त्या बकऱ्याचं नेमकं काय होत होतं, हे मला आजही सांगता यायचं नाही. मोठे बाबांच्या लेखी ते आसरांना दिलेलं होतं. मुल्लाजींच्या लेखी ते अल्लाच्या नावानं कापलेलं जनावर होतं. दोघांनी बसून याचा एकदा सोक्षमोक्ष लावला असता तर बहुधा दोघांनाही उपाशी राहावं लागलं असतं. मुल्लाजींनी बकऱ्याचं तोंड मावळतीकडे केलं, ओठांत काही म्हटलं आणि सुरी फिरवली. माझ्या धोतरावर रक्त उडालं. ते पुढे कितीही धुतलं तरी गेलं नाही, पण तो भाग वेगळा.

यावरून आमचं गाव सोन्याचं होतं असं कोणी समजू नये. त्या दिवशीही महारवाड्यातली मंडळी लांब, ओढ्याच्या काठाला बसली होती, आणि त्यांची पंगत सगळ्यांच्या शेवटी व्हायची होती. त्यांच्यासाठी कोणी बांधावर उभं राहून काही ठरवलं नव्हतं. माझ्या करंडकाच्या भाषणातही ते नव्हते. मुल्लाजींना मोकळं करायला निघालेल्या मला ते ओढ्याकाठचे लोक दिसले नाहीत, हे मी पुढे पुष्कळ वर्षांनी ध्यानात घेतलं, आणि ध्यानात घेऊनही विशेष काही केलं असं नाही.

जेवणाला व्हायचा तो उशीर झालाच. पोटात कावळे ओरडत होते. चुलाण्यामागे माझ्या दोन चुलतभावांनी निखाऱ्यावर काहीतरी भाजायला टाकलं होतं आणि त्याचा वास असा सुटला होता की माणसाला तत्त्वज्ञान आठवू नये. त्यांनी मला बोलावलं. मीठ-तिखट लावून आम्ही ते पटापट संपवलं. फार चांगलं होतं.

थोड्या वेळानं मोठे बाबा हक्काचा वाटा द्यायला बांधावर गेले. चार माणसं बोलावली होती, साक्षीला. मुल्लाजींनी फडकं पसरलं. मोठे बाबांनी त्यावर मानेचा तुकडा ठेवला आणि हात मागे घेतले.

"काळीज?" मुल्लाजी म्हणाले.

मोठे बाबांनी चुलाण्याकडे पाहिलं. मोठ्या आईनं पातेल्यात पळी फिरवून पाहिली. माझे दोन्ही चुलतभाऊ एकाएकी बैलांना पाणी दाखवायला गेले. मी उभ्या जागी तोंड पुसलं. ते मोठे बाबांनी पाहिलं.

"या बकऱ्याले काळीज नसन," ते म्हणाले.

"होतं. म्या सोताच्या डोळ्यानं पाह्यलं. तुमच्याच घरात कोणाले नसन तर पाहा."

"मुल्लाजी, हा तंगडीचा अख्खा फरा घ्या. काळजाहून मोठा हाय."

"फऱ्यावर माझा हक नाही. मले फरा नको. माझ्या बापानं कधी फरा नेला नाही."

"तुमच्या बापाले दात नव्हते."

"अन् तुमच्या बापाले देणं माहीत होतं."

आता दोघांचेही आवाज चढले. पंगत बसली होती आणि कोणी मानही वर करत नव्हतं. जावई रस्सा वाटीनं पीत होते. आदल्या दिवशी ज्या दोन माणसांत मी एवढी फूट पाडली होती ते पुन्हा हातघाईवर येणार, असं मला वाटलं. मी लगबगीनं बांधाशी गेलो आणि म्हटलं की आपण सगळी एकाच देवाची लेकरं...

"तू गप बैस बे," मोठे बाबा म्हणाले.

"गप बसा, छोटे पाटील," मुल्लाजी म्हणाले. दोघं एकाच वेळी बोलले, आणि बोलून पुन्हा एकमेकांकडे वळले.

मोठ्या आईनं भाकरीची टोपली माझ्या हातात दिली आणि पंगतीकडे बोट दाखवलं. मी वाढत गेलो. मागे बांधावर मोठे बाबा सांगत होते की पुढच्या बकऱ्याला दोन काळजं धरा. मुल्लाजी विचारत होते, एका बकऱ्याले दोन काळजं कुठून येतीन? ते तुमच्या अल्लाले विचारा. अल्लाले काऊन विचारू, तुमच्या सात बहिणीले विचारा. चार साक्षीदारांपैकी दोघं भाकरी खायला निघून आले होते, उरलेले दोघं त्यांचं म्हणणं ऐकत होते.

शेवटी मुल्लाजींनी फडक्याची गाठ मारली, फरा उचलून खांद्यावर टाकला आणि पंगतीच्या कडेकडेनं, सगळ्यांच्या समोरून, गावाकडे निघाले. माझ्याजवळ आल्यावर ते थांबले, पण बोलले मोठे बाबांशीच, आणि ओढ्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

"पाटील, हा फरा मी हकाचा नाही नेऊन राह्यलो. रागानं नेऊन राह्यलो. काळीज बाकी हाय."